सात वर्षांचे काळे पाणी

डोंगरीच्या रस्त्याने उमरखाडीकडे जाणाऱ्यास एक जुनी, भक्कम बांधणीची वास्तू लागते. इ. स. १८०४ साली इंग्रज सरकारने मुंबई शहराचा तुरुंग म्हणून ती बांधली. मराठी घरांत या जागेचे नाव निघते ते बहुधा टिळक-आगरकरांच्या संबंधाने. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली या दोघा तरुण संपादकांना तेथे एकशे एक दिवस काढावे लागले, आणि आगरकरांनी त्या दिवसांवर एक छोटेखानी पुस्तकही लिहिले. पुढे १९११ साली अंदमानास रवाना करण्यापूर्वी सावरकरांनाही प्रथम याच तुरुंगात ठेवले होते. त्यामुळे डोंगरीचा तुरुंग आणि काळे पाणी हे दोन शब्द एकत्र आले, की आपल्या मनासमोर देशभक्ताची मूर्ती उभी राहते, आणि ते योग्यच आहे.

परंतु काळ्या पाण्याच्या वाटेस लागलेल्या माणसांची गणती करू गेल्यास राजबंदी त्यांत मूठभरच भरतील. सावरकरांच्या आधी शंभराहून अधिक वर्षे मुंबईच्या बंदरातून कैदी समुद्रापार जात होते. त्यांत खुनी होते, दरोडेखोर होते, सरकारविरुद्ध हत्यार उचललेले भिल्ल-कोळीही होते; आणि साध्या चोरीबद्दल द्वीपांतराची शिक्षा झालेले लोकही होते. समुद्रापलीकडे कामास धट्टीकट्टी माणसे हवी होती. म्हाताऱ्याकोताऱ्यांचा तेथे उपयोग नव्हता. तेव्हा या वाटेवर तरुणांचाच भरणा अधिक असावा हे ओघानेच आले. खुनी आणि दरोडेखोर यांच्या कहाण्या पुष्कळांनी सांगितल्या आहेत. एखादे भांडे किंवा कापड उचलल्याबद्दल समुद्र ओलांडावा लागलेल्या पोराची कहाणी मात्र सहसा कोणी सांगत नाही.

चोरी क्षुल्लक आणि शिक्षा सात समुद्रांपलीकडची, हा विपरीत हिशेब मुंबईने आपला आपण शोधून काढलेला नाही. तो लंडनहून आला. मुंबई बेट इंग्रजांना मिळाले ते राजाच्या लग्नातील आंदण म्हणून. १७२६ च्या सनदेने येथे लंडनच्या धर्तीची न्यायालये आली, १७९८ साली रेकॉर्डरचे कोर्ट आले आणि १८२३ च्या सनदेने सुप्रीम कोर्ट आले. न्यायालयाबरोबर तेथील फौजदारी कायदाही आला. हा कायदा चालत असे तो बेटापुरता. माहीमची खाडी ओलांडून वांद्र्यास गेले, की कंपनीचे रेग्युलेशन सुरू होई. तेथे न्यायाधीश निराळा, कायद्याचे पुस्तक निराळे आणि विलायती ज्युरीचे नाव नाही. एल्फिन्स्टनसाहेबांनी १८२७ साली त्या रेग्युलेशनांची व्यवस्थित संहिता करविली. द्वीपांतराची शिक्षा तीतही होती. परंतु गिरगावातील नारळीच्या बागेतला, परळच्या शेतातला किंवा माहीमच्या कोळीवाड्यातला पोर लंडनच्या पोरास लागू असलेल्या कायद्याखाली जन्मास येत होता, ही गोष्ट त्याच्या बापास ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

तो लंडनचा कायदा कसा होता, हे थोडे पाहिले पाहिजे. चोरीचा माल बारा पेन्सांहून, म्हणजे एका शिलिंगाहून, अधिक किमतीचा ठरला तर ती मोठी चोरी. आणि मोठ्या चोरीस मूळची शिक्षा फाशी. प्रत्यक्षात दर चोरास फाशी देणे कोणत्याही राज्यास परवडणारे नव्हते. म्हणून १७१८ साली पार्लमेंटने मध्यम मार्ग काढला : चोरास सात वर्षे अमेरिकेतील वसाहतीत पाठवावे. धाकट्या चोरीसही हीच तरतूद लागू झाली. अमेरिका हातची गेल्यावर ऑस्ट्रेलियाचा किनारा सापडला, आणि १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत सुमारे एक लक्ष साठ हजार माणसे इंग्लंड-आयर्लंडातून तिकडे गेली. वयाचे बंधन म्हणाल तर सात वर्षांखालील मूल गुन्हा करूच शकत नाही असे कायदा मानी. सात ते चौदापर्यंतच्या मुलास बऱ्यावाइटाची समज होती असे सिद्ध झाले, की ते मोठ्या माणसासारखे शिक्षेस पात्र ठरे.

जॉन हडसन नावाचा धुराडी साफ करणारा एक अनाथ मुलगा १७८३ च्या डिसेंबरात लंडनच्या न्यायालयासमोर उभा राहिला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. एक सदरा, पाच रेशमी मोजे, एक पिस्तूल आणि दोन एप्रन एवढा त्याचा ऐवज. शिक्षा सात वर्षांची. ऑस्ट्रेलियाकडे निघालेल्या पहिल्या काफिल्यात तो होता, आणि तेव्हा त्याचे वय तेरा झाले होते. मेरी वेड या अकरा वर्षांच्या मुलीने दुसऱ्या एका मुलीच्या अंगावरचा झगा आणि टोपी काढून घेतली. १७८९ साली तिला प्रथम फाशीची शिक्षा झाली आणि मग ती बदलून द्वीपांतराची. जुलूम झाला तो झालाच. परंतु मेरी वेडच्या गोष्टीस पुढचा भागही आहे. ती ऑस्ट्रेलियात वाढली, संसारास लागली, १८५९ साली भरल्या गोकुळात वारली. तिच्या वंशात केव्हिन रड हे २००७ साली ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झाले. आज त्या देशात पहिल्या काफिल्यातील कैदी आपला पूर्वज निघाला तर लोक ते अभिमानाने सांगतात. लंडनच्या न्यायालयाची कामकाजे त्याच काळी छापली जात, त्यामुळे मेरी वेडने काय चोरले हे सव्वादोनशे वर्षांनंतरही कोणीही उघडून वाचू शकतो. चोरलेल्या झग्याचीही अशी बखर होते!

मुंबईच्या पोराकडे वळावयाचे तर त्या वेळची मुंबई डोळ्यांसमोर आणली पाहिजे. किल्ल्याच्या तटाआड साहेबलोकांची आणि पारशी-बनिया व्यापाऱ्यांची घरे. बाहेर काळबादेवीपासून गिरगावापर्यंत वाड्या आणि वस्त्या. परळास गव्हर्नरांचा बंगला, त्याभोवती भातखाचरे आणि आंबराई. पेशवाईच्या अखेरच्या धामधुमीत आणि १८०३-०४ च्या दुष्काळात देशावरून आणि कोकणातून माणसांचे लोंढे येथे आले. गलबताने आलेला रत्नागिरीचा पोरगा मशीद बंदरावर उतरे, ओळखीच्या माणसाकडे पथारी टाकी आणि हमाली, घरकाम, पालखीमागे धावणे, मिळेल ते काम करी. काम नसे त्या दिवशी पोट मात्र असे. बंदर, बाजार, कापसाच्या गाठी, साहेबाच्या बंगल्यातील चांदीचे चमचे, शेटजींच्या ओसरीवरचा तांब्या; भुकेल्या हातासमोर एवढी मोठी दौलत यापूर्वी कोकणातील कोणत्या गावाने मांडून ठेवली होती?

हेही सांगितले पाहिजे, की दर पोरट्या चोरास जहाजावर चढविले जात नसे. किरकोळ प्रकरणे मॅजिस्ट्रेटपुढे निघत, आणि त्यांचा निकाल फटके आणि रस्त्यावरची सक्तमजुरी यांवर भागे. पण प्रकरण वर गेले, मालाची किंमत अधिक ठरली, की वरच्या कोर्टात इंग्रजी कायद्याचा तराजू पुढे येई. हे कोर्ट किल्ल्यात अपोलो स्ट्रीटवरच्या जुन्या ॲडमिरल्टी हाउसमध्ये भरे. १८२८ साली पार्लमेंटने हिंदुस्थानातील सुप्रीम कोर्टांसाठी नवा फौजदारी कायदा केला. त्याने मोठी चोरी आणि धाकटी चोरी हा भेद मोडला. हा सुधारणेचा कायदा होता यात शंका नाही, कारण त्याने कित्येक गुन्ह्यांवरची फाशी उठविली; परंतु साध्या चोरीच्या शिक्षांत सात वर्षांचे द्वीपांतर त्याने शिल्लक ठेवले.

याच सुमारास न्यायासनाच्या शेजारी हिंदी माणसेही बसू लागली, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. १८२६ च्या कायद्याने हिंदी गृहस्थांस ज्युरीत बसण्याचा अधिकार मिळाला. ख्रिस्ती आरोपीचा मात्र न्याय त्यांनी करावयाचा नाही, असा अपवाद होता. पुढे तोही गेला. १८३४ च्या सुमारास जगन्नाथ शंकरशेट आदी मंडळी जस्टिस ऑफ द पीस झाली. लंडनच्या ज्युरीतील दुकानदार मोठे चतुर असत. मुलास फाशी होऊ नये म्हणून ते दहा शिलिंगांच्या मालाची किंमत शपथेवर दहा पेन्स ठरवीत, आणि न्यायाधीश ते ऐकून घेत. कायदा कठोर असला तर माणसे खोटे बोलून त्याला माणसाळवितात.

शिक्षा ठरली, मग कैदी जावयाचा कोठे? येथे कातडीचा रंग पाहिला जाई. लष्करी किंवा दिवाणी गोरा मनुष्य मुंबईत अपराधी ठरला तर त्याची रवानगी ऑस्ट्रेलियाकडे होई. हिंदी माणसासाठी निराळी बेटे होती. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पिनांग, १८२५ पासून सिंगापूर, मधल्या काळात मॉरिशस, १८४१ नंतर काही वर्षे एडन आणि १८५८ पासून अंदमान. ज्या वसाहतीत मजूर कमी त्या वसाहतीकडून मागणी येई, आणि हिंदुस्थान सरकारास तुरुंग मोकळे करावयाचे असत. दोघांचा सौदा जमे. पिनांग, मलाक्का आणि सिंगापूर मिळून १८६० पर्यंत पंधरा हजारांच्या आसपास हिंदी कैदी गेले. मॉरिशसला दीड हजार गेले. अंदमानची संख्या १९३९ पर्यंत ऐंशी हजारांच्या घरात पोहोचली.

मॉरिशसची हकीकत जरा विस्ताराने सांगण्याजोगी आहे. हे बेट १८१० साली फ्रेंचांकडून इंग्रजांकडे आले. गुलामांचा व्यापार कायद्याने बंद झाला होता, उसाचे मळे वाढत होते, रस्ते मात्र नव्हते. गव्हर्नर फार्कर यांनी हिंदुस्थानकडे कैदी मागितले, आणि १८१५ पासून ते येऊ लागले. प्रथम बंगालचे, नंतर मुंबई इलाख्याचेही. रोसी नावाचा अधिकारी त्यांच्यावर नेमला होता. कैद्यांनी डोंगर फोडून रस्ते केले, पूल बांधले, दगडाच्या खाणी चालविल्या. १८३६ च्या वसंतात चार्ल्स डार्विन हा सृष्टिशास्त्रज्ञ आपल्या जगप्रवासात पोर्ट लुईस येथे उतरला. तेथे त्या वेळी आठशेच्या सुमारास हिंदी कैदी असल्याची नोंद त्याने केली आहे. त्यांचे रुबाबदार चेहरे, पांढऱ्याशुभ्र दाढ्या, स्वच्छता आणि धर्माचार सांभाळण्याची निष्ठा पाहून तो चकित झाला. आयुष्यभरासाठी हद्दपार झालेली ही माणसे शांतपणे रस्ता खणीत होती. पांढऱ्या दाढ्यांकडे पाहून डार्विनला आश्चर्य वाटले. त्या दाढ्या काळ्या असताना हे लोक तेथे आले असतील, हा विचार वाचणाऱ्याने करावयाचा आहे. १८३७ मध्ये मॉरिशसला कैदी पाठविणे थांबले आणि १८५३ पर्यंत उरलेल्यांची सुटका झाली. आज मॉरिशसात जो मराठी समाज आहे, तो १८३४ नंतर कोकणातून गेलेल्या गिरमिट्या मजुरांचा वंश होय. पण मुंबई इलाख्याचे कैदी त्यांच्या आधीच त्या भूमीवर उतरले होते.

मुंबईहून सिंगापूरपर्यंतचा प्रवास शिडाच्या जहाजाने आठवडेच्या आठवडे चाले. खाली अंधाऱ्या तळघरात साखळदंड घातलेले कैदी, वर खलाशी. परक्याच्या हातचे शिजलेले अन्न पुष्कळांना वर्ज्य असे, म्हणून भाजलेले चणे आणि पोहे यांवर दिवस काढावयाचे. सगळेच कैदी हे निमूटपणे सोशीत नसत. १८३९ साली मुंबईहून सिंगापूरकडे निघालेल्या ‘व्हर्जिनिया’ नावाच्या जहाजावर कैद्यांनी उठाव करून कप्तानास ठार मारले होते.

सिंगापुरास पोहोचलेला नवा कैदी बेडीसह रस्त्याच्या कामावर जाई. तेथील व्यवस्था मात्र काहीशी अपूर्व होती. कैद्यांचे वर्ग पाडलेले असत; वर्तणूक चांगली तसतशी बेडी हलकी होई, आणि वरच्या वर्गातील कैद्यांसच खालच्यांवर पहारेकरी नेमीत. मॅक्नेअर या अधिकाऱ्याने पुढे या पद्धतीवर एक ग्रंथ लिहिला. कैद्यांस विटा पाडणे, गवंडीकाम, सुतारकाम, लोहारकाम शिकविले जाई. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल १८५६ पासून पुढील पाच-सहा वर्षांत याच हिंदी कैद्यांनी उभारले. त्याच्या भिंतींचा गिलावा शंखांचा चुना, अंड्यांचा पांढरा बलक आणि साखर घोटून केला होता. १८६७ ते १८६९ मध्ये गव्हर्नरांचा बंगलाही त्यांनीच बांधला. आज तो सिंगापूरच्या राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद आहे. मुंबईत ज्याच्या हाताला कोणी कसब दिले नाही, तो पोर समुद्रापलीकडे कैदी होऊन गवंडी झाला. सरकारच्या जमाखर्चात ही गोष्ट फायद्याच्या बाजूस लिहिली गेली.

सात वर्षे भरल्यानंतर काय, हा प्रश्न कागदोपत्री सोपा आहे. शिक्षा संपली, मनुष्य मोकळा. प्रत्यक्षात मोकळ्या झालेल्या पुष्कळांनी तेथेच संसार मांडले, आणि त्याचे कारण नुसता जहाजाचा खर्च हे नव्हते. १८४३ साली मुंबईत श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाचे प्रकरण गाजले. हा अल्पवयी मुलगा मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. कोर्टाने त्याला बापाच्या हवाली केले. त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांसारखा विद्वान पुढे झाला. तर शहरातील ब्राह्मणवर्गात दोन तट पडले, आणि बाळशास्त्र्यांस केवढा त्रास सोसावा लागला! या मुलाने गुन्हा केला नव्हता, समुद्र ओलांडला नव्हता, त्याच्या पाठीशी बाप होता, आणि शहरातील सर्वांत मोठा पंडित त्याच्या बाजूने उभा होता. ज्याने चोरी केली, जहाजावर कोणाकोणाच्या पंक्तीस बसून खाल्ले, परमुलखात सात वर्षे घालविली, आणि ज्याचा बाप कोकणातील एखादा कूळवाडी, त्याच्यासाठी गावच्या पंचांपुढे बोलणारे कोण होते? मेरी वेडला ऑस्ट्रेलियात नवे घर मिळाले आणि तिच्या पोराबाळांनी तिचे नाव राखले. मराठी मुलाची शिक्षा कोर्टाने सात वर्षांची दिली. ती आयुष्यभराची केली त्याच्या स्वकीयांनी. इंग्रजांच्या कायद्यास बोल लावताना हा अर्धा भाग विसरणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

शतकाच्या मध्यास वारा थोडा पालटला. १८५० च्या एकोणिसाव्या कायद्याने असे ठरविले, की दहा ते अठरा वर्षांच्या मुलास एखाद्या कारागिराकडे उमेदवार म्हणून बांधून देता येईल. अनाथ, टाकून दिलेल्या आणि किरकोळ अपराध केलेल्या मुलांच्या बाबतीत बापाच्या जागी मॅजिस्ट्रेट उभा राहील. हा करार जास्तीत जास्त सात वर्षांचा. सातचा आकडा येथेही सुटला नाही. या मुलांस जहाजाच्या मालकांकडेही उमेदवारीस देता येत असे, तेव्हा समुद्रही सर्वस्वी सुटला नाही. पण बेडीच्या जागी हत्यार आले, एवढे खरे.

त्याच साली डॉक्टर जॉर्ज बुइस्ट यांनी मुंबईत सुधारणेची उद्योगशाळा काढली, आणि काही काळ तिची देखरेख विनावेतन केली. हे गृहस्थ स्कॉटलंडचे, ‘बॉम्बे टाइम्स’ पत्राचे संपादक, भूगर्भशास्त्राचे आणि हवामानाचे अभ्यासक. हिंदी लोकांविषयी त्यांच्या लेखणीतून उतरलेले पुष्कळ लिखाण कडवट आहे. १८५७ च्या बंडाच्या वेळी ते इतके तिखट झाले, की त्यांच्या पत्राच्या हिंदी भागीदारांनाही ते सोसवेना, आणि त्यांना संपादकपद सोडावे लागले. असे असूनही पोलिसांनी पकडलेल्या रस्त्यावरच्या पोरांस सुतारकाम शिकवावे हे सुचले ते त्यांनाच. माणसाचा स्वभाव एका रंगाचा नसतो. १८५७ साली या संस्थेस डेव्हिड ससून यांचा आश्रय मिळाला, आणि ती डेव्हिड ससून औद्योगिक व सुधारगृह संस्था या नावाने चालू लागली. ससून हे बगदादहून आलेले यहुदी व्यापारी. दानशूर खरे, आणि त्यांच्या पेढीचा मोठा व्यापार कापसाचा व चीनकडे जाणाऱ्या अफूचा. कैद्यांची जहाजे ज्या समुद्राने पूर्वेकडे गेली, त्याच समुद्राने ती संपत्ती येत होती.

एवढ्याने काळे पाणी बंद झाले असते तर कहाणी येथेच संपली असती. परंतु १८६० साली हिंदी दंडसंहिता मंजूर झाली आणि १८६२ च्या १ जानेवारीपासून सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू झाली. माहीमच्या खाडीचा भेद मिटला. मेकॉले यांच्या मसुद्यातून निघालेली ही संहिता जुन्या इंग्रजी कायद्याहून पुष्कळ शहाणी होती, यात वाद नाही. साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत कैद, द्वीपांतर नाही. पण ३८० व्या कलमाने राहत्या घरातील चोरीस, आणि ३८१ व्या कलमाने नोकराने धन्याच्या मालाची केलेल्या चोरीस, सात वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. आता ५९ वे कलम पाहावे. ज्या गुन्ह्यास सात किंवा अधिक वर्षांची कैद होऊ शकते त्यात कैदेऐवजी द्वीपांतर देण्याची मुभा कोर्टास होती, आणि ते सात वर्षांहून कमी असावयाचे नाही. याशिवाय ७५ व्या कलमाने, पूर्वी अशा गुन्ह्याची शिक्षा भोगलेला मनुष्य पुन्हा सापडला तर त्याला थेट जन्मठेप काळे पाणीही देता येई.

ही कलमे नुसती वाचून त्यांचे गांभीर्य कळत नाही. ती गिरगाव-दादरच्या बिऱ्हाडात नेऊन पाहावी. राहत्या घरात शिरून चोरी करण्यास संधी कोणास? बाहेरच्यापेक्षा घरच्या गड्यास. भांडी घासणारा, पाणी भरणारा, मुलास शाळेत पोहोचविणारा, दहा-बारा वर्षांचा कोकणातला पोर. त्याला मुंबईने सरसकट ‘रामा’ हे नाव दिले, मग त्याचे खरे नाव काहीही असो. तो पाच रुपये घेऊन पळाला तर तीच राहत्या घरातील चोरी आणि तीच नोकराने केलेली चोरी. रस्त्यावरच्या खिसेकापूवर तीन वर्षांचे कलम, आणि चुलीशी बसून जेवणाऱ्या पोरावर सात वर्षांचे! विश्वासघात अधिक वाईट, हे तत्त्व बरोबर असेल. परंतु मुलास घरी ठेवून घेणाऱ्या धन्याने पोलिसात वर्दी देताना कायद्याच्या कोणत्या दरवाजावर आपण थाप मारीत आहोत, हे जाणून वर्दी दिली असेल असे वाटत नाही.

दंडसंहितेनेही वयाची मर्यादा सातच धरली. सात वर्षांखाली गुन्हा नाही. सात ते बारा, समज असेल तर गुन्हा. गंमत अशी, की परळ-लालबागच्या गिरण्या वाढू लागल्यावर १८८१ साली जो पहिला फॅक्टरी कायदा झाला, त्याने गिरणीत घ्यावयाच्या मुलाचे किमान वयही सातच ठरविले. १८९१ मध्ये ते नऊ झाले. म्हणजे दहा वर्षे तरी या शहरातील मूल सातवे वर्ष लागून संपले की साच्यावर उभे राहण्यास आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहण्यास एकाच दिवशी लायक होत होते.

मुलांस तुरुंगातून वाचविण्यासाठी १८६४ च्या फटक्यांच्या कायद्याने एक तोड काढली. बालगुन्हेगारास हलक्या वेताने, शाळेतील शिस्तीच्या रीतीने, फटके मारून सोडावे. शाळामास्तरांच्या छडीस कायद्याच्या पुस्तकात अशी जागा मिळाली हा त्या व्यवसायाचा मान की अपमान, हे त्या व्यवसायातील लोकांनीच ठरवावे. १८७६ साली सुधारशाळांचा कायदा आला आणि १८९७ साली तो नव्याने झाला. द्वीपांतराची किंवा कैदेची शिक्षा झालेल्या मुलास न्यायाधीशाने त्या शिक्षेऐवजी सुधारशाळेत पाठवावे, अशी त्याची भाषा आहे. १८९७ च्या कायद्यात हा मुलगा पंधरा वर्षांखालील, आणि शाळेतील मुदत तीन ते सात वर्षे. पंधरा वर्षांखालील मुलास द्वीपांतर होऊ शकत होते, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा नको. सरकारने स्वतःच तो कायद्यात लिहून ठेवला आहे. मुंबई इलाख्यातील अशा मुलांसाठी पुण्याजवळ येरवड्यास शाळा निघाली. मुलींचा या कायद्याने विचारच केला नाही. त्यातील ‘बालगुन्हेगार’ हा शब्द मुलग्यापुरताच होता.

पंधरा ओलांडलेल्या तरुणाचे काय? त्याच्यासाठी अंदमान होतेच. तेथे कोवळ्या वयाच्या कैद्यांची निराळी टोळी ठेवीत, जुन्या बनेल कैद्यांच्या संगतीपासून त्यांना दूर ठेवावे म्हणून. निराळी टोळी करावी लागली, यावरूनच तेथे त्या वयाचे कैदी किती असतील ते समजावे. सेल्युलर तुरुंगाच्या बांधकामास १८९६ साली आरंभ झाला आणि १९०६ साली ते पुरे झाले. तेथील कोलू आणि काथ्या सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथामुळे महाराष्ट्रास ठाऊक झाला. त्याच तुरुंगातील साध्या कैद्यांस ग्रंथ लिहिणे शक्य नव्हते. पुष्कळांस अक्षरओळखच नव्हती. सावरकरांनी तेथे कैद्यांस लिहावाचावयास शिकविण्याचा उद्योग आरंभिला, तो याच माणसांसाठी.

मुंबईच्या कायदेमंडळाने १९२४ साली मुलांचा कायदा केला. मुलास फाशी नाही, द्वीपांतर नाही, आणि नाइलाज असल्याखेरीज तुरुंग नाही, असे त्याने ठरविले. १९२७ साली मुंबई शहरात मुलांचे न्यायालय सुरू झाले, चिल्ड्रन्स एड सोसायटी ही संस्था त्याच साली निघाली, आणि उमरखाडीचा तो जुना तुरुंग मुलांच्या तात्पुरत्या निवासासाठी वापरात आला. टिळक-आगरकरांच्या कोठड्या जेथे होत्या त्या आवारात आता पोलिसांनी आणलेली, हरवलेली, पळून आलेली मुले राहू लागली. ससूनांची उद्योगशाळाही पुढे याच सोसायटीच्या देखरेखीखाली माहीम-माटुंग्याच्या बाजूस चालत राहिली.

द्वीपांतर हा शब्द मात्र दंडसंहितेत स्वराज्य आल्यावरही काही वर्षे तसाच होता. १९५५ च्या सव्विसाव्या कायद्याने तो काढून त्या जागी आजन्म कारावास हे शब्द घातले आणि ५९ वे कलम समूळ रद्द केले. १९५६ च्या १ जानेवारीपासून सात वर्षांचे काळे पाणी कायद्यातून गेले. बालगुन्हेगारास मारावयाचे फटकेही १९५५ सालीच कायद्याने बंद झाले. सातव्या वर्षाची मर्यादा तेवढी टिकून आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या विसाव्या कलमात ती जशीच्या तशी आहे.